हिरवे बटाटे

आमच्या परड्यात बटाटे लावायचे हे अण्णांनी ठरवलं, आणि ठरवून ते परत पलटणीत निघून गेले. लावणं, पाणी घालणं, कोंबड्या हाकलणं हे सगळं मागं आईवर आणि माझ्यावर राहिलं. अण्णा भाद्रपदात सुट्टीवर आले तेव्हा एका खांद्यावर ट्रंक आणि दुसऱ्या हातात गोणपाटाची शिवलेली पिशवी असे फाट्यावरून चालत आले होते. माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, वाटलं की पिशवीत सफरचंदं असणार, कारण आदल्या सुट्टीत त्यांनी ती आणली होती. शिवण उसवली तर आत लिंबाएवढे, सुरकुतलेले, मातीचा वास येणारे बटाटे निघाले, आणि बाळू रडायला लागला. अण्णा हसले नाहीत. ‘शिमल्याकडचं बी हाय,’ ते आईला म्हणाले. ‘रानात काय पिकायचं न्हाई औंदा. परड्यात लाव. पोरांच्या पोटात कायतरी जाईल.’

रानात खरंच काही पिकलं नाही. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. माणात दुष्काळ नवा नव्हता, पण तो दुष्काळ बघून म्हातारी माणसंसुद्धा गप्प झाली होती. जनावरं आधीच गेली होती, कुणी विकली होती, कुणी दावी सोडून दिली होती. रेशनला मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना कडा चिरत आणि गार झाली की ती चामड्यासारखी होई. ती चावून चावून आमचे जबडे दुखत. गावातले बाप्ये बहुतेक मुंबईला किंवा पलटणीत. मागं राहिलेल्या बाया सरकारी कामावर खडी फोडायला जात, आणि दिवसभर माळावरून हातोड्यांचा आवाज येत राही. एकसारखा नाही, कुणाचा जोरात, कुणाचा दमलेला. शाळेत पाढे म्हणतानाही तो कानावर यायचा. आजही कुठं बांधकामावर दगड फोडताना ऐकलं की माझ्या तोंडात त्या भाकरीची चव येते.

आमचं परडं म्हणजे घराच्या मागची, चार खाटा मावतील एवढी जागा. एका कडेला शेवगा, मध्ये आड. तो आड आजोबांनी खोदलेला, आणि त्याचं पाणी मचूळ म्हणून एरवी कुणी प्यायचं नाही. पण गावातल्या विहिरी आटल्या तरी त्या आडाच्या तळाशी दिवसाकाठी दोन-तीन घागरी पाणी साचायचं. पिण्याचं पाणी टँकरचं, आणि हे मचूळ पाणी बटाट्यांचं, असा आईनं नियमच केला. एवढ्यानं भागत नव्हतं म्हणून तिनं न्हाणीचा दगड उचलून वाफ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. आम्ही त्या दगडावर उकिडवं बसून अंघोळ करायचो, म्हणजे अंगावरून ओघळलेलं पाणी थेट सरीत जायचं. साबण लावायचा नाही, ही तिची सक्त ताकीद. मी अकरा-बारा वर्षांची होते आणि उघड्यावर अंघोळ करायची मला लाज वाटे. आई जुनेर लुगडं आडवं धरून उभी राही आणि पुनःपुन्हा म्हणे, ‘हिकडं सरक, त्या वरंब्याला न्हाई पोचलं पानी.’

दिवाळीच्या आधी आम्ही ते लावले. विळीवर बटाटा चिरायचा, प्रत्येक फोडीला एक तरी डोळा राहील असा, आणि चिरलेल्या बाजूला चुलीतली राख फासायची. हे सगळं अण्णांनी जाण्याआधी आईच्या हातानं एकदा करून घेतलं होतं. उरलेल्या सूचना पत्रातून यायच्या. आईला वाचता येत नसे, त्यामुळे अण्णांची पत्रं मीच वाचून दाखवायची. त्यातलं एक मला अजून जवळजवळ पाठ आहे. रोप वीतभर झाले की दोन्ही अंगांनी मातीची भर लावणे. बटाटा उघडा पडू देऊ नये. उन्हाने हिरवा होतो. हिरवा झालेला खाण्यात घेऊ नये, विषारी असतो. तो बियाण्यास ठेवावा. आमच्या लंगरमध्ये एकदा असे बटाटे शिजवल्याने जवानांस फार त्रास झाला होता. हे मी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचलं. आईनं ‘हिरवा खायाचा न्हाई’ एवढं दोनदा स्वतःशी म्हणून घेतलं. पाठ करायची तिची ती पद्धत होती.

आमच्या परड्याला लागून अनसाकाकीचं घर होतं. मधे फक्त काट्याचं कुंपण, आणि त्यातही माणूस वाकून जाईल एवढं भोक. अनसाकाकी म्हणजे शिवाकाकांची बायको. काका मुंबईला गोदीत कामाला. काकी जतकडची, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातली. माहेरी कानडी बोलत. रागावली की तिच्या तोंडून कानडीच येई, आणि गावातल्या बाया तिच्या मागं तिच्या बोलण्याची नक्कल करत. इतक्या वर्षांनी सुद्धा ती गावात ‘जतवाली’च होती. आईचं आणि तिचं मात्र जमायचं. दोघी शेजारी शेजारी बसून खडी फोडायच्या, एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. तिला दोन मुलं. दत्तू सात वर्षांचा, त्याला मीच हाताला धरून शाळेत न्यायची. आणि मंगल, तीन वर्षांची. मंगलचं पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या, आणि केस उन्हात तांबूस दिसायचे. आम्हाला तेव्हा वाटायचं तिचे केसच तसे आहेत. पुढं डीएडला आरोग्याच्या पुस्तकात उपाशी मुलाचं चित्र बघितलं तेव्हा मला कळलं की ते केस तसे का होते.

बटाट्याची झाडं चांगली आली. त्या उजाड गावात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि कामावरून परतताना बाया मुद्दाम आमच्या परड्यात डोकावून जात. पण पौषानंतर आडाचं पाणी घागरीवर आलं, मग अर्ध्या घागरीवर. माती भेगाळली. आई रोज भर लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेग पडायची. एका रात्रीत घुशींनी एक वरंबा उकरून टाकला. शेवटी पाला पिवळा पडायची वाट न बघता आईनं बटाटे काढायचे ठरवलं. तिघांनी मिळून एका सकाळीत काढले. दोन टोपल्या निघाले, अंड्याएवढे, काही त्याहून लहान. त्या दिवशी आईनं चटणी घालून रस्सा केला, आणि मिलोची भाकरीसुद्धा त्यात भिजून मऊ झाली. बाळू जेवता जेवता झोपला.

चांगले बटाटे आईनं वाळूत घालून कणगीच्या मागं ठेवले. भेगांतून उघडे पडलेले, हिरवे झालेले तिनं वेगळे काढले, बियाला. त्यातलेच पंधरा-वीस तिनं दुसऱ्या दिवशी सुपात घेतले आणि मला बोलावलं. अनसाकाकी बरेच दिवस म्हणत होती की मलाही थोडं बी द्या, पाऊस पडला की मी पण लावीन. आई म्हणाली, ‘काकीला दे. आन सांग, खायचं न्हाईत म्हनावं. डोळं फुटलं की लावायचं. न इसरता सांग.’

आईनं चांगल्यातले दोनसुद्धा त्यात घातले नाहीत. तिला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्यापुढं दोन पोरं आणि सगळा उन्हाळा होता. पण ते मला तेव्हाही दिसलं होतं, आणि मला त्याची लाज वाटत होती. काल आमच्या रश्श्याचा वास कुंपणापलीकडं गेला असणार हे मला कळत होतं.

मी सूप घेऊन कुंपणातून वाकून पलीकडं गेले. काकी नुकतीच कामावरून आली होती आणि उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. मंगल तिच्या मांडीवर. सूप बघून काकी उठली. तिनं आधी सुपाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. ‘माजी बाय ती,’ ती म्हणाली. ‘तुज्या आईचं लय उपकार झालं बग.’ मंगलनं तोवर एक बटाटा उचलून तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. दत्तू आतून धावत आला. त्यानं विचारलं की आता लगेच शिजवणार का, आणि काकी हसली. त्याआधी त्या वर्षात तिला हसताना मी बघितल्याचं आठवत नाही.

निरोप माझ्या तोंडात होता. मी तो विसरले असते तर बरं झालं असतं. निदान मला तसं म्हणता आलं असतं. मी विसरले नव्हते. पण त्या तिघांसमोर ‘हे खायचे नाहीत’ असं म्हणणं म्हणजे दिलेलं हातातून काढून घेणं होतं, आणि मग ती विचारणार की चांगले निघाले नाहीत का. शिवाय, खरं सांगायचं तर, मला ते बोटं मोडणं आवडलं होतं. देणारी म्हणून माझ्याकडं कुणी पहिल्यांदाच बघत होतं. मी मनात म्हटलं, थोड्या वेळानं येऊन सांगू. आज काही ती लगेच शिजवणार नाही. सूप रिकामं करून घेतलं आणि मी परत आले. आईनं विचारलं, दिलंस? मी म्हटलं, दिलं. मग तिनं मला टँकरच्या रांगेत घागर लावायला पाठवलं, आणि तिथं मैत्रिणी भेटल्या.

दुसऱ्या दिवशी काकी कामावर गेली नाही. सकाळी दत्तूला शाळेला न्यायला मी गेले तर तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्यापुढं ओकारीचं वाळलेलं थारोळं होतं. आत काकी मंगलला घेऊन बसली होती. मंगलला उलट्या-जुलाब चालू होते, आता पोटात काही उरलं नव्हतं तरी अंग आखडून कळ येत होती. तिचे डोळे अर्धे उघडे होते. चुलीजवळ भगुल्यात थोडा रस्सा उरला होता. मी तो बघितला, आणि पळत माळावर जाऊन आईला बोलावून आणलं. काय झालं हे सांगितलं; का झालं असेल ते सांगितलं नाही.

कामावरच्या मुकादमानं खडीचा ट्रक दिला. आई आणि काकी दोघी मंगलला घेऊन दहिवडीला गेल्या. दत्तूच्या उलट्या थांबल्या होत्या, तो माझ्याजवळ राहिला. पुढचं मला आईकडून कळलं. ट्रकमध्ये काकी सारखी पदराचं टोक ओलं करून पोरीच्या ओठांना लावत होती. दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत पोरगी गेली होती. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं. काकी म्हणाली, बटाटे खाल्ले, जरा कडू लागत होते म्हणून चटणी जास्त घातली. स्वतः तिनं खाल्ले नव्हते, पोरांनाच पुरावेत म्हणून. डॉक्टर म्हणाले, बटाट्यानं असेल, किंवा पाण्यानंही असेल. तालुक्यात सगळीकडं हगवण चालू आहे. या पोरीच्या अंगात सोसायची ताकदच नव्हती. नक्की कशानं ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला आजवर नक्की माहीत नाही. माझं वय आता सत्तरीकडं झुकलंय, आणि या एका ‘किंवा’वर मी कितीतरी वर्षं काढली आहेत.

संध्याकाळी आई परत आली. पाय धुतले, आणि तशीच ओल्या पायांनी माझ्यापुढं उभी राहिली. विचारलं, ‘सुले, सांगितलं व्हतंस न्हवं?’ मी म्हटलं, ‘व्हय.’ तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग आत गेली आणि बियाला ठेवलेले उरलेले हिरवे बटाटे घेऊन परड्यात खड्डा करून पुरून आली.

तार मिळून शिवाकाका चौथ्या दिवशी आले. पाचव्या दिवशी ते आपल्या थोरल्या भावाला घेऊन आमच्या दारात आले. मागं चार पावलांवर अनसाकाकी उभी होती, डोईवरचा पदर पुढं ओढून. ओसरीवर शेजारपाजारची पाच-सहा माणसं जमली. काकांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी आईला विचारलं, ‘वैनी, ते बटाटं तुमीच दिलं न्हवं?’ आई म्हणाली, ‘मी बियाला दिलं. खायचं न्हाईत म्हनून पोरीच्या हाती निरोप धाडला व्हता.’ सगळी माझ्याकडं वळली. थोरल्या भावानं मला पुढं बोलावलं आणि विचारलं की बाळ, भिऊ नकोस, काय सांगितलं होतंस काकीला.

मी सांगितलं. ‘खायचं न्हाईत, डोळं फुटलं की लावायचं, असं सांगितलं.’ वर्गात कविता म्हणावी तसं मी ते न अडखळता म्हटलं. आईचेच शब्द होते, ते मला पाठ होते.

तेव्हा काकीनं पदर मागं सारला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ती बोलणार. तिचे ओठ हललेही. मला आठवतं की मी खाली बघितलं नाही. मी तिच्याकडंच बघत राहिले, कारण खाली बघितलं तर पकडली जाईन असं मला वाटत होतं. पण तिनं पदर पुन्हा पुढं ओढला. तिच्या थोरल्या दिरानं एवढंच म्हटलं की सांगूनसवरून पोरीला इख घातलं, आता बोलायचं काय राहिलं. मग माणसं उठून गेली.

काकांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर गावानं मध्ये पडून समजूत तरी घातली असती. त्यांनी आठवड्याच्या आत दत्तूला मुंबईला न्यायचं ठरवलं आणि तिला सांगितलं, तू तुझ्या जतला जा. दत्तू एसटीत चढताना तिच्याकडं गेला नाही. मुंबईला जायच्या आधी चार दिवस तो चुलत्याकडं होता आणि तिथं त्याच्या कानावर जे पडायचं ते पडलं होतं. काकी दुसऱ्या गाडीनं गेली. तिच्याबरोबर एक बोचकं होतं. आई फाट्यापर्यंत तिला सोडायला गेली, पण दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत असं आईच पुढं कधीतरी म्हणाली. त्यानंतर आईनं मला कधीही कुणाकडं निरोप घेऊन पाठवलं नाही. साधा हळदीकुंकवाचा निरोप असला तरी ती बाळूला पाठवायची.

दुष्काळ सरला, गावं पुन्हा हिरवी झाली. परड्यात आई नंतर मिरच्या आणि वांगी लावायची. मी मॅट्रिक झाले आणि सांगलीला डीएडला गेले. मामा तिथं नोकरीला होते, त्यांच्या घरी राहायचं. सांगली मला वेगळंच जग वाटलं. नदीला बारा महिने पाणी, रस्त्यानं उसाच्या गाड्या, आणि बाजारपेठेत शिरलं की नाकातोंडात हळद. मामी अंघोळीला दोन बादल्या पाणी द्यायची आणि मी एक परत ठेवायची. ती हसायची.

दुसऱ्या वर्षी प्रौढशिक्षणाच्या वर्गासाठी आम्हाला मार्केट यार्डाजवळच्या वस्तीत पाठवलं. हळदीच्या वखारीत बायका दुपारच्या सुट्टीत बसल्या होत्या, त्यांची नावं लिहून घ्यायची होती. ओळीनं बसलेल्या त्या बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. मी वही घेऊन एकेकीला नाव विचारत पुढं सरकत होते. एक बाई नाव सांगायच्या आधी म्हणाली, ‘मिलिटरीवाल्यांची सुली न्हवं तू?’

ती अनसाकाकी होती, जतहून कामाला इथं आलेली. फार म्हातारी झाली नव्हती, पस्तिशीच असेल. पण पुढचे दात गेले होते. तिनं माझी चौकशी केली, बाळूची केली. आई कशी आहे विचारलं. माझ्या हातात पेन्सिल होती ती मी वहीत दाबत राहिले. मग मी तिला बाजूला चल म्हटलं, आणि पोत्यांच्या थप्पीमागं उभी राहून सांगितलं, ‘काकी, मी तवा निरोप सांगितला न्हवता.’ सांगलीत दोन वर्षं राहून मी शुद्ध बोलायला लागले होते, पण त्या वेळी तोंडातून गावचंच आलं.

‘मला ठावं हाय की,’ ती म्हणाली. ‘मी तितंच व्हते न्हवं?’

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस. ती हातांवरची हळद चोळायला लागली. मग म्हणाली, ‘तू म्हनशील, पोर हाय म्हनून सोडून दिलं. तसं न्हाई. मला बोलायचं व्हतं. पर मी कडू लागल्यावरबी घातलं न्हवं तिच्या तोंडात? ती नको नको म्हनत व्हती. ते आठवलं आन तोंडच उघडंना.’ मग तिनं पुढं सांगितलं, ‘तुज्या तोंडाकडं बघत व्हते. म्हनलं आता सांगंल, मंग सांगंल. लय येळ बगितली वाट.’

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही, रडू नको असंही म्हणाली नाही. मुकादमीण हाक मारत होती. जाताना ती एवढंच म्हणाली, ‘माज्याकडं येऊन काय उपेग? दत्तूला सांग. त्यो चौदाचा झाला आसंल. त्याला वाटतं आईनं मारलं.’

त्या उन्हाळ्यात गावच्या यात्रेला मी घरी गेले. मुंबईवाले यात्रेला येतात, तसे शिवाकाकाही आले होते, दुसऱ्या बायकोला आणि दत्तूला घेऊन. मी आधी आईला सांगितलं. ती पोळ्यांचं पुरण वाटत होती. तिचा हात थांबला नाही. ‘आता कशाला उकरतीस,’ ती म्हणाली. ‘तुझं जमवायचं हाय. लोकं काय म्हनतील?’ ‘तू असं केलंस?’ असं तिनं विचारलं नाही. मला तेव्हा कळलं की तिला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. ओसरीवर माणसं जमली तेव्हाही माहीत होतं, आणि तरी तिनं माझं नाव पुढं केलं होतं. आईवर मी पुढंही प्रेम केलं, तिची शेवटची दोन वर्षं माझ्याकडंच गेली. पण या गोष्टीबद्दल आम्ही दोघी पुन्हा बोललो नाही.

अण्णा तेव्हा पेन्शनीत आले होते. ते दाराआड बसून सगळं ऐकत होते. त्यांनी उठून पायात चपला घातल्या आणि म्हणाले, ‘चल.’

शिवाकाकांच्या ओसरीवर पाहुणे होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. सुपात काय होतं, आईनं काय सांगितलं होतं, मी काय बोलले नाही, आणि नंतर काय खोटं बोलले. शिवाकाकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘जाऊ द्या आता. सात वर्सं झाली. आन कडू लागल्यावर तिला कळाया पायजे व्हतं.’ त्यांच्या दुसऱ्या बायकोनं आमच्यापुढं चहा आणून ठेवला. दत्तू खांबाला टेकून उभा होता. मिशीची रेघ फुटलेली, शहरातली पँट. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं एकच विचारलं, ती कुठं असते. मी वखारीचा पत्ता सांगितला. तो घरात निघून गेला. अण्णांनी चहा घेतला नाही. परत येताना वाटेत ते माझ्याशी बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही कितीतरी दिवस नाही.

त्यातून काय निघालं ते मला पुढच्या थंडीत कळलं. माझ्या राहिलेल्या एका विषयाची परीक्षा झाली होती आणि सांगली सोडायच्या आधी मी वखारीत गेले. काकी हळद निवडत होती. मला बघून तिनं बसायला पोतं सरकवलं. दिवाळीच्या सुट्टीत दत्तू येऊन गेला होता. दुपारी वखारीच्या फाटकाशी उभा राहिला, तिनंच ओळखून खोलीवर नेला. एक रात्रसुद्धा राहिला नाही, पाचच्या गाडीनं परत गेला. मंगलचं नाव दोघांनीही काढलं नाही. पुन्हा येईन असं तो म्हणाला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो पुन्हा आलाही नाही.

‘आई म्हनला का?’ मी विचारलं.

‘न्हाई,’ ती म्हणाली. तिचे हात चालूच होते, खराब गड्डे एका बाजूला, चांगले दुसऱ्या. ‘पर जेवला. ताटात कायबी ठेवलं न्हाई.’ आणि थोड्या वेळानं, जणू मी ऐकलंच नसेल म्हणून, ती पुन्हा म्हणाली, ‘कायबी ठेवलं न्हाई बग.’